बार्शी लाईटचं इंजिन शोधायचंय? आधी ते कोणतं, हे ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबा मिरजेच्या शेडला आधी फायरमन आणि पुढे ड्रायव्हर होते, नोकरी छोट्या लाईनवर झाली. घरात त्यांचा एक फोटो आहे, इंजिनाला टेकून उभे असलेले. नंबर अर्धा त्यांच्या खांद्याआड गेलाय, शेवटचा आकडा तेवढा वाचता येतो. घरातली मोठी माणसं सांगतात की ते इंजिन इंग्लंडला नेलं, काहीजण म्हणतात कुर्डुवाडीत तोडलं. तुम्ही कोल्हापुरात राहता आणि विचारताय की ते इंजिन आज कुठे असेल आणि शोध कुठून सुरू करायचा.

मी उद्यमनगरात मशीनशॉप चालवलं आणि त्याच्या बरोबरीने जुन्या इंजिनांचा माग काढत आलो. या विषयावर माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ‘कुठे आहे’ असंच विचारतो. पण अडचण त्याच्या एक पायरी अलीकडे असते. इंजिन कोणतं हे पक्कं झालं की त्याचं काय झालं हे बऱ्याचदा कागदावर सापडतं. ते पक्कं नसताना शोध सुरू केला, तर कुठल्या तरी बागेत उभं केलेलं भलतंच इंजिन आजोबांचं समजून माणूस समाधान मानून घेतो. तसं होऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. हे मी मुद्दाम पहिलं घेतो, कारण कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत इथेच घोळ असतो. आपल्या कोल्हापूर-मिरज लाईनचं काम शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ साली सुरू झालं आणि १८९१ साली गाडी धावू लागली. ती लाईन नॅरोगेज नव्हती, मीटरगेज होती. १९७१ साली ती ब्रॉडगेज झाली. तिच्यावरची इंजिनं सदर्न मराठा कंपनीची, पुढे तिचीच मद्रास अँड सदर्न मराठा झाली त्या कंपनीची, आणि १९५१ नंतर दक्षिण रेल्वेची. मिरजेहून पंढरपूरला जाणारी ती बार्शी लाईट, २ फूट ६ इंच रुंदीची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मिरज जंक्शनला एके काळी तिन्ही गेज होती. म्हणून ‘आजोबा मिरजेला इंजिनावर होते’ एवढ्यावरून कोणत्या लाईनचं इंजिन हे ठरत नाही. ‘छोटी गाडी’ हा शब्द आपल्याकडे मीटरगेजसाठीही सर्रास वापरला गेला. आजोबांच्या कागदांत ‘कुर्डुवाडी’, ‘पंढरपूर’ किंवा ‘सोलापूर विभाग’ असेल तर नॅरोगेज. ‘हुबळी’ दिसलं तर बहुधा मीटरगेज, आणि मग तुमचा शोध पूर्ण वेगळ्या वाटेने जाईल.

वर्गाचं अक्षर दिसलं तर तेही मदत करतं. सरकारी पद्धतीत वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि एन म्हणजे २ फुटी, ६१० मिलिमीटर. मात्र जुन्या कंपन्यांची आपापली अक्षरं होती आणि ती या पद्धतीत बसत नाहीत. बार्शीचा बी वर्ग आणि दार्जिलिंगचा प्रसिद्ध बी वर्ग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नुसत्या अक्षरावरून इंटरनेटवर शोधलंत तर हमखास दार्जिलिंगला पोहोचाल.

फोटो नॅरोगेजचाच आहे असं धरून पुढे जाऊ. बार्शी लाईटचा इतिहास मी इथे फक्त कागद कुठे गेले हे कळण्यापुरता सांगतो. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरने ही लाईन उभी केली. कंपनी १८९५ साली लंडनला नोंदली गेली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पंढरपूर १९०६ साली जोडलं, लातूर १९११ साली, आणि पंढरपूर-मिरज हा तुमच्या आजोबांचा पट्टा १९२७ साली. सगळी मिळून सुमारे ३२५ किलोमीटर. काल्थ्रॉपचा मुख्य विचार असा की कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, इंजिन असो वा वाघिण. म्हणजे हलक्या रुळावरही जड माल नेता येतो. त्यासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्याकडून ०-८-४ रचनेची (पुढे लहान चाकं नाहीत, मधे आठ मोठी, मागे चार लहान) टँक इंजिनं, म्हणजे कोळसा-पाणी स्वतःवरच वाहणारी, करून घेतली, तो बार्शीचा ए वर्ग. पुढच्या काळात नॅस्मिथ विल्सन आणि बॅग्नॉल या कारखान्यांची इंजिनंही आली. हा तपशील तुमच्या कामाचा आहे, कारण बनवणारा कारखाना कळला की त्याच्या विक्रीच्या नोंदी शोधता येतात. या कारखान्यांतलं इंजिन बनवण्याचं काम केव्हाच थांबलं, पण त्यांनी कोणतं इंजिन कुणाला, कोणत्या साली दिलं याच्या याद्या तिथल्या अभ्यासकांनी चिकाटीने लावून ठेवल्या आहेत. इंजिनाचा जन्म शोधणं त्यामुळे सोपं आहे. मृत्यूची नोंद मात्र आपल्याकडच्या कचेऱ्यांत, आणि ती विखुरलेली.

विखुरली कशी ते नीट लक्षात घ्या, शोध इथेच अडतो. १ जानेवारी १९५४ ला सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. १९५० च्या दशकातच देशभरच्या इंजिनांना नव्याने नंबर दिले गेले, म्हणजे कंपनीच्या काळातला नंबर आणि नंतरचा नंबर वेगळा. मग १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे झाली, तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे गेला. १९७७ साली तो परत मध्य रेल्वेत आला. थोडक्यात, आजोबांचं इंजिन १९७० साली कंडम झालं असेल, तर त्याची मंजुरी मुंबईच्या नव्हे, सिकंदराबादच्या मुख्यालयातून झालेली असणार. लोक मुंबईला अर्ज करतात, ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि शोध थांबतो. प्रत्यक्षात त्या अकरा वर्षांचा कारभारच दुसऱ्या घरचा होता.

म्हणून फोटोचं साल महत्त्वाचं. फोटोकडे वळू.

टाकीवर किंवा टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, काही अक्षरं दिसतात का? कंपनीची असतील तर फोटो बहुधा १९५४ च्या आधीचा, मध्य रेल्वेची की दक्षिण मध्यची यावरून पुढचा काळ ठरतो. रंगकाम लगेच होत नसे, तेव्हा दोन-चार वर्षांची सूट धरा. इंजिनामागे वेगळं टेंडर जोडलेलं आहे की कोळसा केबिनच्या मागच्याच पेटीत आहे? मागच्या पेटीत असेल तर टँक इंजिन, आणि निम्मी इंजिनं तिथेच यादीतून बाद होतात. एका बाजूच्या मोठ्या, एकमेकांना रॉडने जोडलेल्या चाकांच्या जोड्या मोजा, मग पुढची-मागची लहान चाकं. आजोबांचे पाय आड येत असतील तर रॉडवर किती ठिकाणी क्रँक दिसतात ते बघा. नंबर समोरच्या बफर बीमवरही, म्हणजे पुढच्या आडव्या पट्टीवरही, रंगवलेला असतो, फक्त कोन तिरका असतो म्हणून नजर जात नाही. चांगल्या स्कॅनमध्ये तो कधी कधी उजळतो. आणि पाटी जर लंबगोल किंवा गोल, अक्षरं उठावाची असेल, तर ती नंबरची पाटी नसून कारखान्याची असू शकते. तिच्यावर कारखान्याचं नाव, वर्क्स नंबर आणि साल असतं. तुम्हाला दिसणारा शेवटचा आकडा कोणत्या पाटीचा आहे हे आधी ठरवा. रनिंग नंबर म्हणजे रेल्वेने दिलेला, तो बदलतो. वर्क्स नंबर म्हणजे कारखान्याने दिलेला, तो जन्मभर तोच राहतो. शोधाची सगळी भिस्त या दुसऱ्या नंबरवर ठेवायची.

हे का, ते दार्जिलिंगच्या एका इंजिनावरून सांगतो, कारण त्याची कहाणी पूर्ण माहीत आहे. शार्प स्टुअर्ट कारखान्याने १८८९ साली बनवलेलं हे इंजिन दार्जिलिंग लाईनवर १९ नंबरचं होतं. नव्या नंबरपद्धतीत ते ७७८ झालं. १९६० च्या दशकात ते अमेरिकेतल्या एका हौशी गृहस्थांनी विकत घेतलं, तिथे ते इंडियाना राज्यातल्या संग्रहात राहिलं आणि या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये गेलं, तिथे पुन्हा चालतं झालं. आता कुणाच्या आजोबांनी ‘१९ नंबर’ म्हणून आठवण सांगितली आणि नातवाने ७७८ पाहिलं, तर दोन्ही एकच हे त्याला कळणार कसं? मधला दुवा वर्क्स नंबर.

आता थोडा अवघड मुद्दा, आणि मशीनशॉपमधला माणूस म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाफेचं इंजिन ही एकसंध वस्तू नसते. वर्कशॉपमध्ये मोठ्या दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बॉयलर उचलून बाजूला ठेवतात. तो दुरुस्त व्हायला वेळ लागतो, तोवर दुसऱ्या इंजिनाचा तयार असलेला बॉयलर यावर बसवतात आणि इंजिन बाहेर काढतात. चाकं, रॉड, सिलिंडर यांचंही तेच. शेवटी शेवटी तर दोन-तीन कंडम इंजिनांतून एक चालू ठेवलेलं असतं. मग ‘आजोबांचं इंजिन’ म्हणजे नक्की काय? या क्षेत्रातले लोक सोयीसाठी फ्रेम धरतात, म्हणजे ज्यावर सगळं बसतं ती खालची लोखंडी चौकट. मीही तेच धरतो. पण तुम्ही एखादं जपलेलं इंजिन पाहायला गेलात तर फक्त पाटी वाचून परत येऊ नका. साईड रॉडवर, कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी, व्हॉल्व्ह गिअरच्या भागांवर पंचने ठोकलेले आकडे असतात. रंगाखाली बोट फिरवलं तर जाणवतात. सगळ्या ठिकाणी एकच आकडा आला तर इंजिन बरंचसं मूळचं आहे. तीन वेगवेगळे आले तर ती जुळवाजुळव आहे, आणि त्यातला एखादा आकडा तुमच्या इंजिनाचा असू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. इंजिन गेलेलं असतं, पण त्याचा रॉड दुसऱ्याच्या अंगावर टिकून असतो. रंग मात्र खरवडू नका, आणि आधी स्टेशन मास्तरांची किंवा तिथल्या प्रमुखांची परवानगी घ्या. मागितली की सहसा मिळते.

बाहेर उभ्या केलेल्या इंजिनांवरच्या रंगवलेल्या नंबरवर अजिबात विसंबू नका. सुशोभीकरणाच्या वेळी ठेकेदार जुना रंग घासून काढतो आणि नवा नंबर अंदाजाने किंवा कुणीतरी सांगितला म्हणून घालतो. पितळी पाटीचंही तसंच. पाट्या इंजिन तुटण्याआधीच निघतात, विकल्या जातात, संग्राहकांकडे पोहोचतात. पाटी सापडली म्हणजे इंजिन आहे असं नाही, आणि पाटी नाही म्हणजे इंजिन ते नव्हेच असंही नाही.

आता नशिबाकडे येऊ, म्हणजे ही इंजिनं गेली कुठे.

पहिली शक्यता बदलीची. मध्य रेल्वेच्या ताब्यात ७६२ मिलिमीटरच्या आणखीही लाईनी होत्या: दौंड-बारामती, पाचोरा-जामनेर, पुलगाव-आर्वी, मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर. गेज एकच असल्याने इंजिन इकडून तिकडे जाऊ शकतं. नेरळ-माथेरान आणि ग्वाल्हेरची लाईन मात्र २ फुटी, तिथे बार्शीचं इंजिन चाक टेकवूच शकत नाही. कुणी तुम्हाला ‘ते माथेरानला नेलं’ असं सांगितलं तर एवढ्या एका कारणावरून ते सोडून द्या. उलट बारामतीला गेलं असं कुणी म्हणालं तर गंभीरपणे तपासा. विदर्भातल्या शकुंतलेवर, म्हणजे वरच्याच मूर्तिजापूरच्या लाईनवर, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. म्हणजे एका लाईनवर वाफ संपली म्हणून सगळीकडे संपली असं धरू नका.

दुसरी शक्यता जतनाची. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि नागपूरचं मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय या दोन ठिकाणी लेखी विचारा. पत्रात वर्ग, गेज आणि मूळ कंपनी लिहा, ‘जुनं इंजिन’ एवढंच लिहू नका. संग्रहालयांखेरीज स्टेशनांच्या आवारात, विभागीय कचेऱ्यांसमोर, वर्कशॉपच्या दारात अशी इंजिनं उभी केलेली असतात. त्यांची ठिकाणंही बदलतात, म्हणून जुन्या लेखातली जागा आज खरी असेलच असं नाही.

तिसरी, परदेशाची. घरातली इंग्लंडची गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तसं घडलेलं आहे. माथेरानच्या लाईनसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कारखान्याकडून आलेली चार इंजिनं पुढे ७३८ ते ७४१ या नंबरांनी ओळखली गेली. त्यातलं ७३८ दिल्लीच्या संग्रहालयात गेलं आणि ७४० खरोखरच इंग्लंडला गेलं. ही शक्यता तपासायला सर्वांत सोपी आहे. परदेशी गेलेल्या प्रत्येक इंजिनावर तिथल्या लोकांचं बारीक लक्ष असतं, वर्क्स नंबरसकट याद्या असतात. तुमच्या इंजिनाचा वर्क्स नंबर मिळाला की एका संध्याकाळी हो किंवा नाही कळेल. मात्र एक गोष्ट मी बऱ्याच घरांत पाहिली आहे: मूळची आठवण ‘इंजिन इंग्लंडहून आलं होतं’ अशी असते, आणि दोन पिढ्यांत ती ‘इंग्लंडला गेलं’ अशी होते. आजोबांकडून प्रत्यक्ष ऐकलेलं कोण सांगतंय आणि ऐकीव कोण सांगतंय, हे घरात शांतपणे विचारून घ्या.

चौथी शक्यता भंगाराची, आणि बहुतेक इंजिनांचं तेच झालं. यात वाईट वाटलं तरी आश्चर्य नाही. काल्थ्रॉपनेच इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये बार्शीच्या धर्तीवर २ फूट ६ इंची लाईन १९०४ साली उभी केली. तिच्यावर किट्सनचीच दोन इंजिनं होती, त्यातल्या एकाला त्याचंच नाव दिलं होतं. १९३४ साली लाईन बंद झाली आणि दोन्ही इंजिनं तोडली गेली. आपल्याकडेही झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं आली तशी वाफेची बाजूला पडली. पुढे कुर्डुवाडी-पंढरपूरपासून सुरू होऊन लातूर, शेवटी मिरज असं २००१ ते २०११ या दशकात रुंदीकरण झालं आणि ७६२ ची गरजच उरली नाही.

इंजिन तोडताना आधी तांबं-पितळ काढतात. विलायती इंजिनांची आतली फायरबॉक्स तांब्याची, तिची किंमत उरलेल्या लोखंडाच्या मानाने फार मोठी. मग गॅस कटरने फ्रेम आणि बॉयलर कापतात. बिडाचे भाग वेगळे होतात आणि भट्टीकडे जातात. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना विचारा, क्युपोला भट्टीत पडणाऱ्या बिडाचं मूळ कुणी विचारत नाही, गाडी वजनावर रिकामी होते. कागदांतही तसंच दिसतं. कंडम करण्याच्या आदेशापर्यंत इंजिनाला नंबर असतो. लिलावाच्या कागदावर नुसता लॉट आणि वजन असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कंडमचा आदेश सापडला आणि नंतर कुठल्याही शेडच्या यादीत तो नंबर आला नाही, की शोध पुरा झाला असं मानावं. लिलावात कुणी घेतलं, कुठे वितळलं, याच्या मागे लागू नये. त्या वाटेने कुणी काही ठोस घेऊन आल्याचं मी पाहिलेलं नाही.

साखर कारखान्यांचं थोडक्यात सांगतो, कारण कुणीतरी तुम्हाला ते सुचवेलच. वालचंदनगर, हरिगावचा बेलापूर कारखाना अशा ठिकाणी ऊस वाहायला छोट्या रुळांच्या लाईनी होत्या, आणि इंजिनंही. तिथला माग रेल्वेपेक्षा वेगळा लागतो. १९२३ चा बॉयलर कायदा रेल्वेच्या इंजिनांच्या बॉयलरना लागू नव्हता, कारखान्यांच्या बॉयलरना होता. त्यामुळे कारखान्याच्या इंजिनाच्या बॉयलरवर राज्याचा नोंदणी क्रमांक कोरलेला असतो आणि बाष्पके संचालनालयाकडे त्याची तपासणीची नोंद असू शकते. तुमच्या बाबतीत हे बहुधा लागणार नाही.

आता कागदांची शोधाशोध. घरातून सुरू करा: आजोबांचं सर्व्हिस बुक, पेन्शनचा आदेश, पास, बदलीची पत्रं, एखादी ड्युटीची डायरी. ड्रायव्हर लोक खिशातल्या वहीत तारीख, गाडी आणि इंजिन नंबर लिहायचे. अशी वही ट्रंकेत निघाली तर बाकीचं निम्मं काम वाचेल. कोल्हापुरात बसून करता येण्यासारखं म्हणजे करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय. जुनी वृत्तपत्रं, रेल्वेचे अहवाल, गॅझेटिअर जे हाती लागेल ते बघा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे कागद आहेत. ते मीटरगेजच्या लाईनसाठी उपयोगी, बार्शी लाईटसाठी फारसे नाहीत, कारण ती कंपनी संस्थानची नव्हती. आधी गेज ठरवा म्हणालो ते यासाठीही. नाहीतर महिनाभर चुकीच्या दप्तरात बसाल.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. रेल्वे केंद्र सरकारची, त्यामुळे ऑनलाईन करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माझ्या आजोबांचं इंजिन कुठे आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘माहिती नाही’ असंच येणार. कायदा अस्तित्वात असलेली नोंद देतो, शोध घेऊन देत नाही. मी साधारण असं लिहायला सांगतो: ‘कुर्डुवाडी-मिरज-लातूर नॅरोगेज मार्गावरील वाफेच्या इंजिनांचे स्टॉक रजिस्टर, इंजिने कंडम केल्याचे आदेश आणि इतर मार्गांवर वर्ग केल्याच्या नोंदी यांची पाहणी करण्याची परवानगी मिळावी.’ पाहणीचा हक्क कलम २ मध्येच आहे आणि तो मागितला की बोळवण करणं अवघड जातं. एक अर्ज सोलापूर विभागाच्या यांत्रिक शाखेला, एक कुर्डुवाडी वर्कशॉपला, आणि फोटो १९६६ ते १९७७ मधला निघाला तर एक सिकंदराबादला. ‘हे आमच्याकडे नाही’ असं उत्तर आलं तर कलम ६ (३) दाखवा, ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे अर्ज पाठवणं त्यांचं काम आहे. जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची परवानगी असते, तेव्हा काही रजिस्टरं खरोखरच नसतील. तसं असेल तर नष्ट केल्याची नोंद मागा. तिच्यात निदान कोणतं रजिस्टर कोणत्या सालापर्यंतचं होतं ते कळतं.

यातलं किती हाताला लागेल हे तीन गोष्टींवर आहे: फोटोचं साल, दिसणारा आकडा रनिंग नंबरचा आहे की वर्क्स नंबरचा, आणि रजिस्टर टिकलंय का. पहिल्या दोन तुमच्या हातात आहेत. फोटो फ्रेममधून काढून दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने तारीख असते. मोबाईलने काचेवरून काढलेला फोटो पाठवू नका, स्कॅनच हवा.

अर्ज पुढच्या आठवड्यात केला तरी चालेल. मिरजेला मात्र लवकर जा. छोट्या लाईनवर वाफेच्या इंजिनावर काम केलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. स्टेशनच्या आसपासच्या वस्तीत आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बैठकीत चौकशी केली की कुणीतरी नक्की ओळख काढून देईल. फोटोची मोठी प्रत बरोबर न्या. आधी नंबर विचारू नका, माणसाला नंबर आठवत नाही आणि तो संकोचतो. ‘हे इंजिन कुठल्या गाडीला लागायचं’, ‘याचा आवाज, शिट्टी कशी होती’, ‘चढाला दमायचं का’, ‘आषाढीच्या गर्दीला हेच असायचं का’ असं विचारा. इंजिनावर राबलेला माणूस त्याच्या खोडीवरून त्याला ओळखतो, आणि बोलता बोलता नंबर आपोआप तोंडात येतो. आला की तिथल्या तिथे लिहून घ्या, कुणी सांगितला आणि ते कोणत्या सालापासून त्या शेडला होते हेही लिहा, आणि मला कळवा. कारखान्यांच्या याद्यांशी तो मी ताडून देतो.